आशा आणि दिशा

संस्कृत भाषेत ‘आशा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा आहे; दुसरा अमरकोश पाठ करताना भेटतो आणि पुढे बहुधा विसरला जातो. कोशकारांनी दिशेची जी नावे दिली आहेत त्यांत ‘आशा’ हेही एक आहे. वैयाकरण या दोन शब्दांची व्युत्पत्ती निरनिराळी लावतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि मुलांना संस्कृत शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यास एका शब्दात नांदणारे हे दोन अर्थ निव्वळ योगायोगाचे वाटत नाहीत. ज्या आशेला दिशा नाही ती आशा नव्हे, एवढा बोध तरी त्यांतून घेण्यास हरकत नसावी.

आशेची थोरवी गाऊ लागले की सुविद्य घरांतून एक आक्षेप ठरलेलाच येतो. आपल्या वैराग्यपर ग्रंथांनी आशेला पाश म्हटले आहे. मग ती जोपासावी कशासाठी? आक्षेप योग्य आहे, पण तो भलत्या ठिकाणी लावला जातो. शास्त्रकारांनी निंदा केली ती हावेची. वय सरले, दात पडले, तरी ‘आणखी मिळावे’ हा ध्यास सुटत नाही, त्याला त्यांनी पाश म्हटले. उद्याचा दिवस आजच्याहून बरा करता येईल आणि त्यासाठी आज आपल्याकडून काही घडले पाहिजे, ही श्रद्धा पाश नव्हे. फळावर हक्क न सांगता कर्म करावे हे ज्यांनी शिकविले, त्यांनी कर्म सोडून हताश बसावे असे कोठेही सांगितलेले नाही.

या दोहोंतील भेद पाहावयाचा तर आमच्या शाहूवाडी तालुक्यात वैशाखात यावे. पश्चिमेकडे, आंब्याच्या बाजूस, पाऊस मुसळधार. तेथे तरवा टाकून, चिखल करून भाताची लावणी करितात. परंतु इतरत्र आणि शेजारच्या पन्हाळा, शिराळा या भागांत धूळवाफेची पेरणी फार जुनी आहे. उन्हाने माती भाजून निघालेली असते, आकाशात ढगाचा मागमूस नसतो. आणि अशा वेळी शेतकरी नांगरट करून, ढेकळे फोडून, कोरड्या धुळीत कुरीने भाताचे बी पेरून मोकळा होतो. मग रोहिणीच्या पावसाची वाट पाहावयाची. परगावच्या माणसास हे धाडस वाटते. वास्तविक त्यात हिशेब आहे. पहिल्या सरीबरोबर बी उगवून वर आले तर पुढच्या झडीपूर्वी रोप सावरते. पाऊस लांबला तर दुबार पेरणीचे संकट कोसळते, हेही पेरणारा जाणतो. पाऊस आपल्या हाती नाही, मशागत आहे, एवढे ओळखून तो बी टाकतो. वाट पाहणारे आपण सगळेच असतो. त्याच्या वाट पाहण्यात आधी केलेले काम असते, हा फरक. नांगरट न करता आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्याच्या आशेला आमच्याकडे कोणी आशा म्हणत नाही.

माणसांत अशी धूळवाफ कोणी केली हे पाहू लागले की आम्हांस प्रथम धोंडो केशव कर्वे आठवतात. 1858 साली जन्मलेला, कोकणातील मुरूडचा हा मुलगा 1875 साली सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यास निघाला. पावसाळ्याचे दिवस; घाट चढून सुमारे 110 मैलांची वाट तो चालून गेला. परीक्षकांनी त्याच्या किरकोळ देहाकडे पाहून हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले आणि परीक्षेस बसू दिले नाही. तितकीच वाट तुडवून परत! येथे बहुतेकांची कथा संपली असती. कर्व्यांनी ती परीक्षा पुढे दिलीच. मॅट्रिक झाले ते 1881 साली, तेविसाव्या वर्षी. आणि 1884 साली ते पदवीधर झाले. ज्यांच्या घरी आज अठराव्या वर्षीच मुलाच्या आयुष्याचा निकाल लावला जातो, त्यांनी या सनांवर बोट ठेवून क्षणभर थांबावे.

परंतु स्वतःपुरती आशा राखणे हा अर्धाच भाग झाला. 1891 साली कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली, आणि 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. या देवरूखच्या जोशांच्या कन्या. आमच्या आंबा घाटाने खाली उतरून साखरप्यास गेले की देवरूख फार दूर राहत नाही, म्हणून हे कुटुंब आम्हांस शेजारचेच वाटते. गोदूबाईंना आठव्या वर्षी वैधव्य आले होते. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. या विवाहाबद्दल मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. तो टाकणारी माणसे आपल्यासारख्याच घरांतील, शिकलीसवरलेली होती, हे आपण विसरू नये.

पुनर्विवाहाची चळवळ चालविताना कर्व्यांच्या ध्यानी आले की विवाह थोड्यांच्या वाट्यास येणार. जिचा विवाह होणार नाही तिच्या उद्याचे काय? म्हणून 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. हेतू तोच राहिला, वाट बदलली. आशावान माणूस हट्टी असतो अशी समजूत आहे. आमच्या मते तो मुक्कामापुरताच हट्टी असतो, रस्त्याच्या बाबतीत तो हट्ट धरीत नाही. पुढे प्लेगच्या काळात आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे आणि संध्याकाळी चिखलवाट तुडवीत हिंगणे गाठावे, असा त्यांचा क्रम होता. 1916 साली महिला विद्यापीठ निघाले तेव्हा महाविद्यालयात विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. चारच वर्षांनी, 1920 साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपये देऊ केले. त्यांच्या मातोश्रींचे नाव ते विद्यापीठ आजही धारण करून आहे. आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1936 साली, हा वृद्ध गृहस्थ खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून पुन्हा वर्गणी गोळा करीत हिंडू लागला. 1958 साली, शताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 1962 साली ते गेले.

ही आशा दुसऱ्यांकडे कशी गेली हे गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्या चरित्रात दिसते. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी एक मुलगा, केशवपन झालेले. अशा बाईला त्या काळी घराच्या कोपऱ्याखेरीज जागा नव्हती. त्या शिकल्या, आश्रमाच्या कार्यात पडल्या, गावोगाव फिरून त्यासाठी निधी जमवू लागल्या. 1918 साली, चाळिशी उलटून गेल्यावर, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि तेथे पोटासाठी लोकांच्या घरी कामे केली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेविले आहे. कर्व्यांनी त्यांना धीर दिला असेलच. पण नुसता धीर पुरला असता का? कर्व्यांनी त्यांना काम दिले, जबाबदारी दिली, आणि दुसऱ्या विधवेस हात देण्याची संधी दिली. ज्याला आपण आशा देऊ इच्छितो त्याला कोणाच्या तरी उपयोगी पडू द्यावे, याहून प्रभावी उपाय आमच्या पाहण्यात नाही.

आता एका गोष्टीकडे वाचकांनी, आणि विशेषतः घरच्या कर्त्या पुरुषांनी, लक्ष द्यावे. आशेला खर्च येतो, आणि तो नेहमीच आशा करणाऱ्याच्या खिशातून जातो असे नाही. आमच्याच जिल्ह्यातील कुंभोज गावी 1887 साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 पासून साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, विकावयास दिले. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचा पुढे वटवृक्ष झाला तो त्यांनी पाहिला नाही. भाऊरावांचे नाव गावोगाव घेतले जाते ते योग्यच. पण आशेचा हिशेब मांडताना लक्ष्मीबाईंचे सोने जमेस धरलेच पाहिजे. एकत्र कुटुंबात एकाने मोठी आशा धरावी आणि तिची झळ सुनेने किंवा धाकट्या भावाने मुकाट्याने सोसावी, असे वरचेवर घडते. आशा घरात वाटावयाची तर तिचा भारही वाटून घेतला पाहिजे.

आशा देणे म्हणजे शब्द देणे, हे शिकविणारे स्थळ आमच्या तालुक्यातच आहे. 13 जुलै 1660 रोजी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळ्यांनिशी उभे राहिले. महाराज गडावर पोहोचल्याची तोफ होईपर्यंत खिंड सोडावयाची नाही, असे ठरल्याचे परंपरा सांगते. विशाळगडाच्या पायथ्याशीही शत्रूचा वेढा होता. तो फोडून वर जाण्यास वेळ लागला. इकडे खिंडीतल्या माणसांचे कान गडाकडे लागलेले. त्या कथेत शौर्य आहेच. पण वर जाणाराने दिलेला शब्द पाळला, तोफ झाली, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. तोफ ऐकू येईल असा भरवसा नसता तर ती माणसे कशावर उभी राहिली असती? ज्याला आपण ‘थांब, मी आहे’ असे सांगतो, त्याच्यासाठी वेळेवर तोफ डागण्याचे ऋण आपल्यावर असते.

आता आपल्या घरांकडे वळू. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतील मुले स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यास जाऊन राहतात. एक वर्ष जाते, दुसरे जाते, तिसरे जाते. दिवाळीस मुलगा घरी येतो तेव्हा ओसरीवर बसलेले वडील, चुलते, शेजारी त्याला एकच प्रश्न विचारतात. पुढच्या दिवाळीस तो येतच नाही. कोणी त्याला म्हणतो, ‘होईल रे, काळजी नको’. कोणी म्हणतो, ‘तुझ्याच्याने व्हायचे नाही’. आमच्या मते दोघेही त्याला सारखेच एकटे टाकतात. कारण त्याच्याजवळ बसून वाट शोधण्याचे श्रम दोघेही घेत नाहीत. त्यापेक्षा त्याला जेवू घालावे आणि मग शांतपणे विचारावे, की आणखी किती प्रयत्न करणार आहेस, तेवढ्यात न जमले तर दुसरे काय करण्याजोगे आहे, आणि त्यासाठी घराने काय करावे? परीक्षा हा रस्ता आहे, मुलगा म्हणजे परीक्षा नव्हे, एवढे त्याला आपल्या वागण्यातून कळले पाहिजे. कारण हे न कळल्यामुळे जीव गमावणारी मुले आज आपल्याच समाजात आहेत. मुलाने बोलणे, जेवणे सोडले, झोप उडाली, तर ते आळसाचे लक्षण समजू नये. घरच्यांनी त्याला जवळ बसवून, न संकोचता, वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दुखणाईताच्या खोलीतही हाच विवेक हवा. असाध्य दुखण्यात पडलेल्या वडीलधाऱ्यांस आपण ‘काही होत नाही तुम्हांला’ असे म्हणतो. त्यांना ते खोटे आहे हे कळत असते, आणि मग मनातले बोलावयास त्यांना कोणी उरत नाही. तेथे आशेचा विषय बदलावा. बरे होण्याची आशा उरली नसेल, तरी आजची रात्र वेदनेवाचून जावी, लांबच्या मुलीची भेट व्हावी, राहून गेलेले एखादे काम पुरे व्हावे, या आशा खऱ्या आहेत आणि आपल्या हातच्या आहेत. ‘आज रात्री मी उशाशी बसतो’ हे वाक्य लहान आहे, पण ते खरे करता येते.

स्वतःच्या मनातील आशेचे काय, असे कोणी विचारील. वाचून किंवा ऐकून ती फार काळ टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. रोज एक ठराविक काम हातून पुरे व्हावे, मग ते चार ओळींचे लेखन असो की अंगणातील दोन वाफ्यांची खुरपणी असो. पुरे झालेले काम मनाला साक्ष देते की आपल्या हातून अजून काही होते. संकटात ज्यांनी आपल्याला हात दिला त्यांची आठवण अधूनमधून काढावी. आणि मन फारच खचले असेल तर ते झाकून न ठेविता घरातील एका तरी माणसापाशी बोलावे. आशा मागणे यात कमीपणा नाही. देणाऱ्यालाही ती त्यायोगे पुन्हा सापडते.

तात्पर्य, नुसत्या गोड बोलण्याने आशा दिली जात नाही. ती द्यावयाची तर दिशा दाखवावी, बरोबर चार पावले चालावे, आणि दिलेला शब्द पाळावा. पाऊस आपल्या हाती नाही. मशागत आहे, आणि शेजाऱ्याचे बैल आजारी असतील तर आपली जोडी त्याच्या रानात नेणेही आपल्याच हाती आहे.