प्रवासातील चूल

बिऱ्हाड कोठेही हलले तरी चूल पेटल्याखेरीज त्या जागेला घराची कळा येत नाही, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. सहलीला निघालेल्या मंडळींचेही असेच असते. तंबू उभा राहतो, सतरंज्या अंथरल्या जातात; परंतु चहाचे आधण चढेपर्यंत मुक्कामाला पोहोचलो असे कोणालाच वाटत नाही. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत आल्यापासून, उन्हाळा लागताच निलगिरीकडे अथवा कोडाईकॅनॉलकडे धाव घेणारी कुटुंबे मी पाहत आलो आहे. त्यांच्या सामानात एखादी लहानशी शेगडी बहुधा असतेच. ती कोणती घ्यावी, असे स्नेही विचारतात तेव्हा मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारतो : ती कोठे पेटणार आहे, आणि तेथवर कोणत्या वाहनातून जाणार आहे? या दोहोंची उत्तरे मिळाली की इंधन ठरते, आणि इंधन ठरले की शेगडी निवडणे फारसे अवघड राहत नाही.

माझ्या पिढीने बालपणी पाहिलेला पितळी स्टो हा या कुळाचा मूळ पुरुष म्हणावा लागेल. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली 'प्रायमस' बनविला. १९११ साली तो अमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही बर्फ वितळविण्याचे काम त्यानेच केले. त्याचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. रॉकेल – तमिळमध्ये 'मण्णेण्णै', म्हणजे मातीचे तेल – द्रवरूपात नीट जळत नाही. जळते ती त्याची वाफ. म्हणून स्पिरिटमध्ये भिजविलेला काकडा पेटवून आधी बर्नर तापवावयाचा आणि स्पिरिट संपत आले की पंप मारावयाचा. माझी आजी तेवढ्या वेळात चहाच्या कपबशा विसळून घेई. घाई करणाऱ्याच्या तोंडावर मात्र पिवळा भडका उसळे, कारण न तापलेल्या बर्नरमधून कच्चे रॉकेलच वर येत असे. अशा वेळी फुंकर घालू नये. हवेची चावी सैल करून टाकीतला दाब उतरू द्यावा. पेटत्या किंवा गरम स्टोत रॉकेल कधीही ओतू नये, आणि रॉकेलच्या स्टोत पेट्रोल तर मुळीच घालू नये. रॉकेल निदान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ देऊ नये, असे भारतीय मानक सांगते. पेट्रोल शून्याच्या पुष्कळ खालीदेखील तशी वाफ देते. चेन्नईची मे महिन्यातील दुपार ३५ अंश सहज ओलांडते, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे.

अलीकडे रॉकेल सहजासहजी मिळत नाही, आणि बहुतेकांच्या पिशवीत बुटेन वायूची डबी असते. तिला ना काकडा लागतो ना पंप. चावी फिरवावी आणि काडी लावावी. पण या सोयीला थंडीचे वावडे आहे. बुटेन उणे अर्धा अंशाला उकळतो. त्याहून थंड झाला की त्याची वाफच होत नाही. शिवाय वायू बाहेर पडत असताना डबी स्वतःच गार होत जाते, त्यामुळे बाहेर पाचसात अंश तपमान असले तरी ज्योत मलूल होते. एका जानेवारीत उटीला पहाटे माझी डबी अशीच रुसली. हलवून पाहिली तर निम्मी भरलेली! अखेर ती कोमट पाण्याच्या ताटलीत उभी केली, तेव्हा चहा झाला. रात्री डबी पांघरुणात घेऊन निजणे हा त्याहून सोपा उपाय. अधिक थंड जागी प्रोपेनमिश्रित डबी घ्यावी, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वाफ देतो. डबी आचेवर शेकण्याचा विचार मात्र मनातही आणू नये.

उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. तेथे पाणी ९२–९३ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही. यासाठी लहान कुकर न्यावा. पण डबीवर थेट बसणारी शेगडी त्याच्या भाराने कलंडते, तेव्हा नळीने जोडलेली, रुंद पायांची शेगडी घ्यावी. एक लिटर पाणी उकळण्यास हिशेबाने सात ग्रॅम वायू पुरतो. वारा आणि भांडे मिळून निम्मी उष्णता पळवितात, म्हणून पंधरा ग्रॅम धरावा. वाऱ्याला आडोसा करावा, परंतु तो डबीभोवती गुंडाळू नये. कोंडलेल्या उष्णतेने डबीच तापते. ५० अंशांहून अधिक तापू देऊ नका, असे डबीवर छापलेले असते, आणि आपल्या मरीना किनाऱ्यावर उन्हात बंद करून ठेवलेली मोटार ती मर्यादा केव्हाच ओलांडते.

बंद तंबूत शेगडी पेटविणे हा तर जिवाशी खेळ आहे. अपुऱ्या हवेत जळणारे कोणतेही इंधन कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते, आणि त्याला ना रंग ना वास. शेगडीचा वायू गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो. म्हणजे नेमका तेथे, जेथे माणसे निजलेली असतात.

आणि शेवटी वाहनाचा प्रश्न. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकाच्या आवारात उभा असलेला, लखनौहून यात्रेकरूंना घेऊन आलेला एक खास डबा पेटला आणि नऊ जण दगावले. चहापाण्यासाठी चोरून आणलेला गॅस सिलिंडर त्यास कारण झाला. ज्वालाग्राही पदार्थ डब्यात आणण्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याने मनाई केली आहे आणि त्यास कैदेची शिक्षाही सांगितली आहे. सरकारी नोकर म्हणून नियमांविषयी मला थोडा अधिक जिव्हाळा असेल, हे मान्य. परंतु त्या डब्यातील माणसांनाही केवळ घरच्यासारखा चहा हवा होता. विमानातही या डब्या चालत नाहीत. तेव्हा शेगडी न्यावयाची ती स्वतःच्या मोटारीतून, पाठीमागच्या सावलीत, डबी अलग काढून. नीलगिरी एक्सप्रेसने निघणाऱ्याने ती घरीच ठेवावी आणि रात्री एक मोठा थर्मास भरून घ्यावा. सकाळी मेट्टुपाळयमला उतरेपर्यंत त्यातील कॉफी पिण्याजोगी गरम राहते.