शोधाची फेरी आणि शोधाची शुद्धी

ठाण्यातील कोलशेतच्या खाडीकाठी उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींत काय किंवा त्यांच्या सावलीत उरलेल्या जुन्या गावठाणात काय, ‘सर्च करून पाहा’ हे वाक्य आज लहानथोरांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यातला पहिला शब्द मूळचा परका असल्याचे भानही कोणास राहिलेले नाही. ज्या भाषेने तपास, तलाश, दफ्तर आणि कैफियत यांना आपल्या घरात मानाने जागा दिली, तिला आणखी एक पाहुणा जड नाही. परंतु जो शब्द आपण नित्य उच्चारतो त्याचे कुळ जाणून घेतले असता शोध घेणे या क्रियेचेच स्वरूप अधिक स्पष्ट होते.

हा शब्द इंग्रजीत मध्ययुगात जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो उत्तरकालीन लॅटिनमधील ‘किर्कारे’ या क्रियापदापासून उतरला. ‘किर्कारे’ म्हणजे भोवती हिंडणे, फेरी घालणे. त्याच्या मुळाशी असलेला ‘किर्कुस’ हा शब्द रिंगणाचा वाचक असून, सर्कस आणि सर्कल हे शब्द त्याच घराण्यातले होत. एखाद्या जागेभोवती फिरून तिचा कानाकोपरा पाहणे, हा ‘सर्च’चा आद्य अर्थ, आणि तीच क्रिया कसून, मन लावून केली म्हणजे तिला ‘रिसर्च’ म्हणू लागले.

आपला ‘शोध’ मात्र निराळ्या वाटेने आला आहे. त्याचा मूळ धातू ‘शुध्’, म्हणजे शुद्ध होणे, निर्मळ होणे. पारा औषधात घालण्यापूर्वी त्यातील दोष काढून टाकण्याचा जो संस्कार वैद्य करतात, त्यास आयुर्वेदात आजही शोधनच म्हणतात. ‘झडती’ हा आपला कचेरीतला शब्दही ‘झाडणे’ या क्रियापदाशीच नाते सांगतो. युरोपीय शब्दाने पायांच्या भ्रमणावर भर दिला, संस्कृत शब्दाने निवडण्या-पाखडण्यावर. आणि माझ्या मते या दोन क्रियांच्या संयोगावाचून कोणताही शोध पूर्ण होत नाही.

याचा दाखला आपल्या ठाण्यातच आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, जेथे पुढे कारागृह झाले तेथे, नव्या बांधकामासाठी खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा दानाचा ताम्रपट हाती लागला. सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली कलकत्त्यास स्थापिलेल्या एशियाटिक सोसायटीने आपल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या १७८८ च्या पहिल्याच खंडात, पंडित रामलोचन यांनी उलगडून सांगितलेल्या अर्थानुसार, त्याचे भाषांतर छापले. तेथे दानाचे वर्ष इ.स. १०१८ असे दिले होते. पुढील विद्वानांनी ताम्रपटातील शके ९३९ चा मेळ घालून ते १०१७ असे निश्चित केले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या शिलाहार लेखसंग्रहात तो ताम्रपट साक्षेपाने संपादिला गेला. पट सापडला एका दिवसात. त्याचे शोधन जवळजवळ दोन शतके चालले.

फेरीचा आदर्श पाहावयाचा तर तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ठायी. जुनी दफ्तरे कोठे आहेत याचा मागोवा घेत, गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेले मोडी कागद मिळवून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पत्र मिळाले म्हणून ते थांबले नाहीत. त्याची मिती, हस्ताक्षर आणि संदर्भ पारखून, त्याचे प्रामाण्य ठरवून मगच त्यांनी ते पुढे ठेवले.

आजचे शोधयंत्र यांपैकी पहिले काम अचाट वेगाने करते. एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात ते अहोरात्र फेऱ्या घालते, भेटलेल्या शब्दांची सूची करून ठेवते आणि आपण विचारताच त्या सूचीतून उत्तरांची क्रमवार रांग लावते. पण रांगेत पहिले आलेले उत्तर खरेच असेल, याची हमी ती रांग देत नाही. ते शोधन वाचणाऱ्यानेच करावयाचे आहे.

शिवाय जे कोणी आंतरजालावर नेऊन ठेवलेच नाही, ते यंत्रास सापडावे कसे? कोलशेत रस्त्यावरचे कारखाने जाऊन तेथे वसाहती झाल्या, शेते आणि मिठागरे दिसेनाशी होत आहेत. पण गावातील जुन्या घरांच्या पेट्यांत खरेदीखते, फाळणीचे नकाशे, सातबाऱ्याचे जीर्ण उतारे अद्याप असतील. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखवावेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि वडीलधाऱ्यांकडून शेतांची, बंदरांची व वाड्यांची नावे लिहून घ्यावीत. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या ठाणे शहरात आहे, तेथील तरुणांना हे काम अवघड वाटू नये. गावाची ही फेरी गावकऱ्यांनीच घालावयाची आहे, आणि ती घालण्याची वेळ आजची आहे.