उसाचं बिल जमा झालं आणि आधी दंड कापला: बँक बचत खातं 'मायनस'मध्ये नेऊ शकते का?

उजनी धरणाच्या काठावरची करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतली बरीचशी गावं उसावर चालतात. इथे पगारासारखे दर महिन्याला पैसे येत नाहीत. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं असं कायदा सांगतो, पण ते लांबलं की खातं महिनोन्महिने मोकळंच राहतं. मग कधीतरी बिल जमा होतं आणि पासबुकावर त्याच्याखाली कपातीच्या ओळी दिसतात. कारण असतं, किमान शिल्लक ठेवली नाही.

हे पैसे किरकोळ वाटतात, पण देशभराचा हिशेब मोठा आहे. सरकारने २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी बँकांनी ५ वर्षांत या दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले. हा दंड भरणारा माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या खात्यात पैसे असतात त्याला दंड लागतच नाही.

नियम काय आहे?

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी व्यापारी बँकांसाठी, म्हणजे सरकारी आणि खासगी बँकांसाठी नियम काढले. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा. १०० रुपये कमी असलेल्याला आणि २,००० कमी असलेल्याला सरसकट एकच दंड चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, केवळ या दंडामुळे बचत खातं शून्याखाली जाता कामा नये. समजा खात्यात १८० रुपये आहेत आणि दंड जीएसटीसह २९५ रुपये झाला. बँक १८० कापू शकते. उरलेले ११५ रुपये 'मायनस' दाखवता येत नाहीत. खातं बंद करायला गेल्यावर "आधी मायनस भरा" असं कोणी म्हणालं, तर ती रक्कम कशाची आहे ते लेखी मागावं.

कारण प्रत्येक कपात दंडाची नसते. एसएमएसचे पैसे, चेक किंवा कर्जाचा हप्ता परत गेल्याचं शुल्क यांना वरचा नियम लागू नाही. मे महिन्याच्या आसपास कापलेले २० किंवा ४३६ रुपये बहुधा पंतप्रधानांच्या नावाच्या विमा योजनांचे असतात. संमती दिली नसेल तर त्याचीही तक्रार करता येते.

बँकेनुसारही फरक आहे. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये बंद केला. कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी साध्या बचत खात्यांवरचा दंड २०२५ च्या मध्यात काढला. जनधन खात्याला तर किमान शिल्लक लागतच नाही. साधं खातंही अर्ज देऊन अशा मूलभूत बचत खात्यात बदलून घेता येतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

तक्रार कशी करायची?

शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात कपातीच्या तारखा लिहून एकच प्रश्न विचारावा: नोटीस कोणत्या दिवशी, कोणत्या नंबरवर पाठवली? बरेचदा खात्याला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो, तोही याच वेळी बदलून घ्यावा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. तक्रार सीएमएस पोर्टलवर किंवा टपालाने करता येते. १४४४८ या नंबरवर मराठीत माहिती मिळते, पण फोनवर तक्रार नोंदवली जात नाही.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या लोकपालाच्या कक्षेत नव्हत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या आल्या आहेत. गावातली पतसंस्था मात्र बँक नाही. तिची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करावी लागते.