खोलीत मावणारा घाट

दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि महाराजांचं सिंहासन कुठल्याच दरवाजातून आत जाणार नाही एवढं मोठं. त्याचं कुणाला काही वाटत नाही, वाटूही नये. मॉडेल रेल्वेच्या छंदात मात्र खरी डोकेफोड इथूनच सुरू होते. एक प्रमाण धरायचं आणि इंजिन, माणूस, झाड, विजेचा खांब, सगळं त्याच मापात बसवायचं. जगभर सर्वाधिक चालतं ते ‘एचओ’, म्हणजे १:८७ हे प्रमाण. साडेपाच फुटी माणूस त्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो.

या मापाने आपला बोरघाट बांधायचा झाला तर? जेम्स बर्कली यांनी आखलेला, जीआयपी रेल्वेने १८६३ मध्ये खुला केलेला हा मार्ग १५ मैलांत १,८३१ फूट चढत होता, २५ बोगद्यांतून. ८७ने भागून पाहा : लांबी पावणेतीनशे मीटर, उंची सहा मीटरच्या वर. एवढी खोली मुंबई-पुण्यात कुणाला मिळालीच, तर तो ती आधी भाड्याने देईल.

त्यामुळे पहिलं काम कापाकापीचं. काय बांधायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल यांतली दोन ठिकाणं घेऊन बाकीचा घाट गाळायचा. आधुनिक एलएचबी बनावटीचा एक डबा या प्रमाणात २७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे २४ डब्यांची गाडी साडेसहा मीटर. घरात ती सात-आठ डब्यांवर आणावी लागते आणि गंमत म्हणजे पाहणाऱ्याला ते खटकत नाही. बोगद्यातून बाहेर येणारी गाडी किती लांब आहे, हे मोजायला कोण बसतं?

वळण मात्र खटकतं. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची मर्यादा साधारण १७५ मीटर त्रिज्येची आहे. प्रमाणात ती दोन मीटर भरते. बाजारातल्या खेळण्याच्या रुळांची त्रिज्या ३६ सेंटिमीटरपासून सुरू होते. अशा वळणावर लांब डबा आला की त्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर लोंबतात आणि इतका वेळ खरी वाटणारी गाडी क्षणात खेळणं होते. यावर उपाय एकच : तीव्र वळणं डोंगरात लपवायची, दिसणारी ऐसपैस ठेवायची. आल्प्सचे लेआउट करणारे यासाठीच भाराभर बोगदे खणतात आणि ते उगाच वाटतात. बोरघाट करणाऱ्याला निमित्त शोधावं लागत नाही.

चढाचं गणितही इथे मजेशीर जुळतं. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के. मॉडेलमध्येही तेवढाच चढ साधारण झेपतो. वरून दुसरा रूळ न्यायला दहा सेंटिमीटर उंची हवी असेल, तर पावणेचार मीटर लांबी खर्च होते. त्या चढावर एकटं मॉडेल इंजिन आठ डबे घेऊन निघालं की चाकं घसरायला लागतात. मग मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लावावा लागतो, कर्जतला लावतात तसाच. नुसत्या शोभेसाठी लावलेल्या बँकरपेक्षा नाइलाजाने लावलेला बँकर कितीतरी अस्सल दिसतो.

एका बाबतीत मात्र भारतीय छांदिष्टाची पंचाईत आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, ८७ने भागल्यावर १९.३. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरवरून काढलेला. हे पावणेतीन मिलिमीटर कुठून आणायचे? काही हट्टी लोक स्लीपर आणि रूळ हाताने जोडून रुंद मार्ग बनवतात, मग प्रत्येक इंजिनाची चाकंही बदलत बसतात. मला विचाराल तर ही शक्ती रुळाच्या जाडीवर खर्च करावी. सर्रास विकला जाणारा ‘कोड १००’ रूळ अडीच मिलिमीटर उंच असतो, म्हणजे प्रत्यक्षात २२ सेंटिमीटर. असा रूळ घाटात कुठे नाही. ‘कोड ८३’ आपल्या ६० किलोच्या रुळाच्या बराच जवळ जातो. कडा गंजाच्या रंगाने रंगवल्या आणि वरचा माथा चकचकीत ठेवला, की गेजमधली चूक शोधणारा डोळा भेटेपर्यंत बरीच वर्षं जातात.

खडीचंही तसंच. रेल्वेची खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची, प्रमाणात पाऊण मिलिमीटर. नवखे लोक पाहावं तर वाटाण्याएवढे दगड टाकून मोकळे होतात. काळा दगड कुटून चहाच्या गाळणीने चाळायचा, रुळांत पसरायचा, साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं. घाटात उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची धूळ बसून खडी तांबूस तपकिरी होते, ती छटाही वरून द्यायची.

आता डोंगर. माझ्या मते लेआउट इथे तरतो किंवा बुडतो. खडक ओतायचे परदेशी रबरी साचे मिळतात. त्यांतून निघालेला प्लास्टरचा कडा सुबक असतो, पण रॉकी पर्वताचा असतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याचे कडे आडव्या पायऱ्यांनी चढतात : उभा काळा कातळ, मग गवताची पट्टी, पुन्हा कातळ. प्लास्टर ओलं असताना सुरीने आडव्या रेघा ओढल्या नाहीत, तर त्यावर खंडाळ्याची पाटी लावूनही उपयोग नाही. ऋतूही एकच ठरवावा. मे महिना घेतला तर गवत वाळलेलं सोनेरी, झाडं विरळ, कडे राखाडी. ऑगस्ट घेतला तर कातळ काळाभोर आणि ओला, त्यावर वॉर्निशचा हात, धबधब्याला पारदर्शक जेल. ऑगस्टची हिरवाई मात्र बेताने द्यावी. डबीतला हिरवा थेट फासला की घाट बिलियर्डच्या टेबलासारखा दिसतो. त्यात थोडा करडा मिसळायचा आणि मागच्या डोंगरांकडे जाताना रंग फिका, निळसर करत न्यायचा.

ही युक्ती पराकोटीला नेली कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या जॉन अॅलनने. धंद्याने छायाचित्रकार असल्यामुळे तो लेआउटकडे कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाही. मागच्या इमारती लहान मापात करणं, आरसे लपवून रस्ता लांबवणं आणि मुख्य म्हणजे नवी कोरी मॉडेलं मुद्दाम मळवणं, गंजवणं हे त्याचे उद्योग. ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची त्याची रेल्वे काल्पनिक होती, तरी ती खरी वाटे.

इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयाचा मार्ग अगदी उलटा. मूळ ऑस्ट्रेलियाच्या रॉय इंग्लंडने आपल्या डोळ्यांदेखत बदलत चाललेली ऑक्सफर्डजवळची गावं पाहिली आणि पुठ्ठा व जलरंग घेऊन ती घरं जशीच्या तशी उतरवायला घेतली. तिथे काळ विसाव्या शतकाच्या विशी-तिशीचा, त्यापुढची एकही वस्तू चालत नाही. आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं लघुरेल्वे संग्रहालय काल्पनिक शहराचा खेळ मांडतं. पोरं तिथे हरखून जातात. पण पेंडनची शिस्त वेगळी आणि बोरघाटाला तीच हवी.

कारण वर्ष ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. १९२९च्या आधीचा घाट केला तर गाडीला दिशा उलटायला लावणारं रिव्हर्सिंग स्टेशन हवं आणि वाफेची इंजिनं हवीत. १९३० नंतरचा केला तर विजेच्या तारा, नवी कोरी दख्खनची राणी आणि सरपटत चालणारं ते स्विस वळणाचं इंजिन, ज्याला लोक ‘खेकडा’ म्हणत. खेकड्यामागे एलएचबी डबे लावले तर जाणकार हसतील, दख्खनच्या राणीला ते २०२२ मध्ये मिळाले.

शेवटी गाडी चालवायची कशी, तर वेळापत्रकाने. गोल गोल फिरवण्यात दहा मिनिटांत रस संपतो. त्यापेक्षा कर्जतला थांबवा, मागे बँकर जोडा, तेवढ्यात फलाटावर दोन सेंटिमीटरचा वडेवाला उभा असू द्या. डिजिटल नियंत्रणाने पुढच्या-मागच्या इंजिनांचा वेग आधी जुळवून घ्या, नाहीतर मागचा जोर जास्त झाला की मधला हलका डबा वळणावर उचलला जातो. लोणावळ्याला रुळाखालच्या चुंबकाने बँकर सोडवायचा. वर दोन-तीन बँकर साठले की ते एकत्र जोडून खाली आणायचे, मधल्या एखाद्या चढत्या गाडीचा खोळंबा न करता. हे जमवताना संध्याकाळ कधी सरते ते कळत नाही आणि गाडी तोवर एकदाच वर गेलेली असते.