वार्धक्यातील संधिशोथ

सांधे दुखणे, ताठरणे व सुजणे ही लक्षणे असलेल्या अनेक विकारांना ‘संधिशोथ’ ही सामान्य संज्ञा लावतात. उतारवयात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अस्थिसंधिशोथ होय. गुडघे, नितंबसंधी, पाठीचा कणा व हातांच्या बोटांचे सांधे यांत तो विशेषेकरून होतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत उपास्थी विरळ होते, तिच्याखालील हाड कठीण बनते व सांध्याच्या कडांशी हाड वाढते. पूर्वी ही केवळ वयोमानाची झीज समजत असत. आता भोवतालच्या स्नायूंसह संपूर्ण सांध्याचा विकार म्हणून त्याकडे पाहिले जाते.

निदान : जिना चढता-उतरताना वेदना वाढते. सकाळचा ताठरपणा सामान्यतः अर्ध्या तासात ओसरतो. तो अधिक काळ टिकून हातांचे लहान सांधे सुजत असल्यास संधिवाताभ संधिशोथाचा संशय घ्यावा, कारण त्याची चिकित्सा निराळी असून ती लवकर सुरू करावी लागते. क्ष-किरण चित्रातील बदल व वेदनेची तीव्रता यांचा मेळ नेहमीच बसत नाही. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप आल्यास जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने तातडीने रुग्णालयात न्यावे.

परिचर्या : दुखऱ्या सांध्याला कायम विश्रांती द्यावी, हा समज घातक आहे. वेदनेमुळे हालचाल कमी होते. त्यामुळे मांडीचे स्नायू क्षीण होऊन सांध्याचा आधार जातो व वेदना आणखी वाढते. वृद्ध व्यक्ती आधी बाजारहाट सोडते, मग अंगणात येणे सोडते व अखेर अंथरुणाला खिळते. घरच्यांनी मायेपोटी दिलेला ‘बसून राहा’ हा सल्ला या दुष्टचक्रास हातभारच लावतो. खुर्चीवर बसून पाय गुडघ्यात सरळ करणे व काही क्षण तसाच धरणे, तसेच सोसेल इतके रोज चालणे हे उपचाराचे मुख्य अंग होय. प्रारंभी थोडे दुखले, तरी बेताच्या व्यायामाने सांध्याला इजा होत नाही.

स्थूल व्यक्तीचे वजन १ किग्रॅ. घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सु. ४ किग्रॅ.ने कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उकिडवे बसणे टाळण्यासाठी कमोड, भिंतीला धरावयाची दांडी व उंच खुर्ची उपयुक्त ठरतात.

औषधे : गुडघ्यासाठी प्रथम वेदनाशामक मलम वापरावे. पोटात घ्यावयाच्या शोथनाशक गोळ्यांमुळे वृद्धांत जठरव्रण, रक्तस्राव, मूत्रपिंडास अपाय व रक्तदाबवाढ संभवते. म्हणून त्या वैद्याच्या सल्ल्याने, अल्प मात्रेत व थोडे दिवसच घ्याव्यात. घटक न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉइडे मिसळलेली आढळली आहेत; अशा पुड्यांनी लगेच वाटणारा आराम फसवा असतो.

शस्त्रक्रिया : इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आधुनिक नितंबसंधिरोपणाचा पाया घातला. गुडघ्याचे कृत्रिम सांधे आता सु. ८०% रुग्णांत २५ वर्षे टिकतात. इतर उपायांनी वेदना आटोक्यात न आल्यास हा मार्ग विचारात घेतात. केवळ वय अधिक म्हणून तो नाकारणे योग्य नव्हे. मात्र शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही.