‘येतों’ म्हणण्यापूर्वीं



आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते. पुढें सराटीस पादुकांना नीरास्नान घडतें, आणि पालखी नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यांत शिरली म्हणजे पुणें जिल्ह्याचा तिला निरोप होतो. वीणा, पखवाज आणि टाळ पैलतीरास जातात. पण म्हणून अलीकडच्या गांवांतील भजन थांबत नाहीं. चाल गांवाच्या गळ्यांत उतरलेली असते. ती पाहुण्याबरोबर निघून जात नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय याच जातीचा आहे. परदेशीं कांहीं महिने स्वयंसेवक म्हणून संगीत शिकविणाऱ्यानें तेथून निघतांना निरोप कसा घ्यावा? प्रश्न वरकरणीं हळवा वाटतो. वस्तुतः तो शिक्षणाचा, आणि बऱ्याच अंशीं नीतीचा आहे.

अशा शिक्षकाची मुदत बहुधा सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते. मुलांना लळा लागतो, गळा थोडा वळूं लागतो, आणि मुदत संपते. दुसरा शिक्षक येतो. मागें काय झालें हें त्यास ठाऊक नसतें. तो पुन्हा ‘सा’पासून प्रारंभ करतो. तीन वर्षांत त्या मुलाचे तीन आरंभ होतात, पण शिक्षण एकहि पुरें होत नाहीं. शिक्षक सेवेचें समाधान घेऊन घरीं येतो. मूल मात्र हें शिकतें कीं, शिकविणारी माणसें निघून जाण्यासाठींच येतात.

आपल्या संगीतांत ही हानि अधिक होते, कारण ही विद्या मुखोद्गत आहे. भातखंडे-पद्धतीच्या स्वरलिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात. त्यावरून स्वर कोणता तें कळतें. परंतु तो किती हलकेंच लावावा, एका स्वरावरून दुसऱ्यावर किती सावकाश जावें, हें कागदावरून कळत नाहीं. तें ऐकून घ्यावें लागतें, आणि ऐकविणारा तर निघालेला असतो.

या अडचणींतून मार्ग काढणारा एक थोर पुरुष आपल्यांतच होऊन गेला. कुरुंदवाडास १८७२ मध्यें जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेतली, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. १९४७ च्या फाळणीनंतर लाहोर खरोखरीच परदेश झालें; पण त्या काळींहि मराठी माणसास तेथील भाषा नि रीति परक्याच होत्या. पलुसकर आजच्या अर्थानें स्वयंसेवक नव्हते. तथापि कोणा संस्थानिकाच्या पदरीं न राहतां, लोकांच्या साहाय्यावर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर त्यांनीं शाळा चालविली. १९०८ मध्यें मुंबईस विद्यालय काढून ते तिकडे आले. लाहोरची शाळा मात्र मागें चालूं राहिली. पुढें १९१६ च्या सुमारास त्यांचेच शिष्य ओंकारनाथ ठाकूर तेथील प्राचार्य झाले.

हें कशानें साधलें? पलुसकरांनीं नुसते गवई तयार केले नाहींत. शिकविणारे तयार केले. निवडक विद्यार्थ्यांना ते अध्यापनासाठींच घडवीत, क्रमिक पुस्तकें लिहीत, स्वरलिपि ठरवीत. मुंबईची इमारत पुढें कर्जापायीं हातची गेली, आणि १९३१ मध्यें ते स्वतःहि गेले. तरी १९३२ मध्यें त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनीं पुण्यांत गांधर्व महाविद्यालय उभें केलें. इमारतीबरोबर विद्या गेली नाहीं, कारण ती माणसांत ठेवलेली होती.

प्रत्येकाच्या अंगीं पलुसकरांची शक्ति कोठून असणार? पण त्यांची दृष्टि कोणालाहि घेतां येईल. जाण्याची तारीख पहिल्याच दिवशीं मुलांना सांगावी. ती लपविणें ही दया नव्हे. प्रत्येक मुलाची पट्टी, झालेले अलंकार, राग आणि चिजा एका वहींत लिहून ती पुढील शिक्षकासाठीं ठेवावी. तंबोरा भेट देण्यापूर्वीं तो जुळवावयास, तुटलेली तार बदलावयास शिकवावें; नाहीं तर ती भेट भिंतीचें भूषण होते. त्यांच्या मुलखांतलें एखादें गाणें आपणहि त्यांच्याकडून शिकावें. म्हणजे मुलेंहि कोणाचे तरी गुरु होतात. शेवटचा पंधरवडा आपण मागें बसावें आणि वडील विद्यार्थ्यानें वर्ग चालवावा. तो चुकेल, चुकूं द्यावें. आपण जवळ आहों तोंवर चूक सुधारतां येते. निघाल्यावर ती तशीच मुरते.

आणखी एक. आपल्याकडे निघतांना ‘जातों’ असें म्हणत नाहींत, ‘येतों’ म्हणतात. बारामतीच्या उंबरठ्यावर त्याचा अर्थ सर्वांस कळतो. परक्या भाषेंत मात्र तेंच शब्दशः सांगितलें, तर मूल तें वचन समजतें आणि दाराकडे पाहत राहतें. येणें निश्चित नसेल तर तसें म्हणूं नये. ‘तुझा पुढचा पाठ अमुक दादा घेईल, आणि पहिल्या वर्गाला तूं शिकवशील,’ एवढेंच सांगावें. त्यांत त्या मुलाला दुसऱ्या दिवशींचें काम मिळतें, आणि आपल्याला खोटें न बोलतां निघतां येतें.