शिशाची गोळी, पोलादाची नळी

२०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात .२२ ची काडतुसं लागतात आणि नियमाप्रमाणे त्यांतली गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची असावी लागते. ती कारखान्यात दाबून घडवलेली असते. अमेरिकेतले हौशी नेमबाज मात्र मोठ्या पिस्तुलांसाठी साच्यात शिसं ओतून घरीच गोळ्या तयार करतात. हा छंद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

खरं तर मोठं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आणि उघडी शिशाची गोळी यांचं सहज जमावं, अशी या पिस्तुलाची घडणच नाही. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी शिशाच्या गोळीला तांब्याचं कवच चढवलं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू शोधली, गोळ्यांचा वेग वाढला आणि कवच जवळजवळ अनिवार्य झालं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं आली ती यानंतर, १८९० च्या दशकात. त्यामुळे गोल टोकाची, कडक कवचाची गोळीच त्यांच्या रचनेत गृहीत धरलेली होती. गोळी सुटली की वरचा स्लाइड मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस उतारावरून चढवून चेंबरमध्ये ढकलतो. या धावपळीत मऊ शिशाचं टोक अडलं, की पिस्तूल तिथेच अडकतं.

तरीही एका पिस्तुलाशी शिशाचं उत्तम जुळलं. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेलं .४५ चं पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलं. त्याच्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे २१,००० पौंड. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा ३५,००० पौंड. कमी दाब आणि संथ वेग शिशाला मानवतो. हेन्स्ली अँड गिब्ज या साचेकारांचा ६८ क्रमांकाचा साचा याच पिस्तुलामुळे नावाजला. त्यातून सुमारे २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅमची गोळी निघते. तिचं निमुळतं टोक उतारावरून सहज सरकतं आणि मागची धारदार कड कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद उरत नाही. स्मिथ अँड वेसनने तर १९६१ मध्ये ‘मॉडेल ५२’ हे पिस्तूलच सपाट टोकाच्या शिशाच्या गोळीसाठी काढलं. त्यात .३८ ची पाचच काडतुसं मावत. पण नेमबाज त्याच्या अचूकतेसाठीच ते घेत.

शिशाचा खरा उपद्रव म्हणजे नळीत बसणारा थर. नळीच्या आतल्या पेचदार खाचांत शिसं साचलं, की नेम बिघडतो. थर वाढला, तर दाबही धोकादायक पातळीवर जातो. यावर उपाय म्हणून अनेक जण गोळी अधिकाधिक कडक करू पाहतात. मात्र कडकपणाहून महत्त्वाचं असतं ते माप. नळीचा खाचांपाशी व्यास .४५१ इंच असेल, तर गोळी .४५२ इंचाची हवी. हा फरक आहे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. गोळी बारीक राहिली तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो आणि शिसं खरवडून नळीला फासतो. कमी दाबाच्या काडतुसात फार कडक गोळी वापरली, तर तिचा तळ फुगून ही फट बुजवू शकत नाही, आणि थर पुन्हा बसतोच.

म्हणून मिश्रधातू कामाप्रमाणे निवडतात. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो, अँटिमनीमुळे कडकपणा येतो. कडकपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं ५ च्या आसपास असतं. ९० भाग शिसं आणि कथील-अँटिमनी प्रत्येकी ५ भाग घेतले की ते १५ पर्यंत जातं. छापखान्यातल्या लायनोटाइप यंत्राचा धातूही हे हौशी नेमबाज शोधून आणत, कारण त्यात सुमारे १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. गोळीच्या खाचेत मधमाशीच्या मेणाचं वंगण भरतात. अलीकडे त्याऐवजी भट्टीत भाजलेल्या पावडर रंगाचा थरही देतात. ९ मिलिमीटरचं प्रकरण अधिक नाजूक. त्याच्या पितळी नळकांड्याची भिंत खाली जाड होत जाते आणि मऊ गोळीला आवळून बारीक करते. ग्लॉक कंपनीच्या जुन्या पिस्तुलांत खाचांऐवजी गोलसर बहुकोनी नळी असते. तिच्यात उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत, असं कंपनीच बजावते.

सगळ्यात गंभीर गोष्ट आरोग्याची. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. विष शरीरात जातं ते मुख्यतः वरच्या मळीच्या धुळीतून आणि हातावाटे तोंडात. गोळीबारात दारू पेटवणाऱ्या प्रायमरमधल्या शिशाच्या संयुगाचा धूरही श्वासात जातो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा घाव कायमचा असतो. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब जरी बुडाला, तरी त्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उसळतो.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हा उद्योग आपल्याकडे घरी करायचा नाही. पण नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या वाढते आहे. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एवढं पाळावंच: रेंजवर खाऊ-पिऊ नये, निघताना हात-तोंड साबणाने धुवावं, आणि घरी लहान मूल उचलून घेण्याआधी कपडे बदलावेत.